कूलर फिराव मनाकडे

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी कूलर बाहेर काढला. वर्षभर जुनी चादर पांघरून गॅलरीत उभा होता बिचारा. त्याला ओढत अंगणात आणलं, पाइप लावून धुतला, कुजलेलं गवत काढून नवा वाळा भरला. दुपारी मोटर चालू झाली आणि ओल्या वाळ्याचा वास जिना चढून माझ्या खोलीत आला. झालं! आली म्हटलं लग्नसराई. आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यात उन्हाळा असाच येतो, आधी नाकाला कळतो आणि मग अंगाला.

काकूंनी खालूनच हाक मारली, "ताई, या हो बसायला. कूलर लावलाय. पुतणीच्या लग्नाच्या याद्यापण करू." मी "येते, येते" म्हटलं आणि गेले नाही. कूलरशी माझं नातं जरा अवघड आहे.

गेल्या काही वर्षांत तुम्ही खानदेशात एखाद्या लग्नाला गेला असाल, तर माझा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. टाळायचं म्हटलं असतं तरी टाळता आलं नसतं. वरातीत डीजेवर जे गाणं लागलं की नवरदेवाचे मामा दातात रुमाल धरून नाचायला लागतात, ज्यात मुलीकडची बाई म्हणते, 'कूलर फिराव मनाकडे', आणि मुलाकडचा गडी म्हणतो, 'पह्यले हासी दखाड', म्हणजे आधी हसून दाखव, त्यातली ती बाई मी. आमच्याकडची लग्नं भर उन्हात. मंडपात मोठाले कूलर लावतात आणि सगळ्यांची तोंडं असतात वरपक्षाकडे. मुलीकडच्या बायका आपल्या पदराने वारा घेत बसलेल्या. मग कोणीतरी चिडून उठते, कूलर फिरवते, तिकडचा कोणीतरी परत फिरवतो, आणि कूलरवरून सोयरिकीत रुसवे होतात. हे भांडण ज्याने बघितलं नाही तो खानदेशातल्या लग्नाला गेलेलाच नाही. गोकुळभाऊंनी त्याचं गाणं केलं, आणि आम्ही गाजलो.

गोकुळभाऊ म्हणजे धुळ्याच्या आमच्या गाण्याच्या पार्टीचे मालक. शब्द त्यांचे, चाल त्यांची, गड्याचा आवाज त्यांचा. बाईचा माझा. आमची बठ्ठी, म्हणजे सगळीच गाणी अशी, दोघांची. मी ओळ टाकायची, भाऊंनी उत्तर द्यायचं. मी रुसायचं, त्यांनी समजूत काढायची. वर्षानुवर्षं हेच. मला खोकला कधी येणार हे भाऊंना माझ्याआधी कळायचं, इतकी सवय.

पण पोस्टरवर काय असायचं? 'गोकुळभाऊ आणि पार्टी'. त्या पार्टीत मी, ढोलकीवाला, बँजोवाला आणि जनरेटर. व्हिडिओत माझ्या आवाजावर ओठ हलवायला एक गोरी, उंच मुलगी होती. चांगली मुलगी, माझ्या डब्यातली शेव-भाजी खायची. लोक तिच्याबरोबर फोटो काढायचे आणि फोटो काढायला मोबाइल माझ्या हातात द्यायचे. मीही "थोडं जवळ या" वगैरे सांगायची. खोटं कशाला बोलू, तेव्हा हसूच यायचं.

एकदा स्टेशनवरून रिक्षाने घरी येत होते. रिक्षात माझंच गाणं. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "भारी गाते ना ही बाई? सुरतची आहे." मी म्हटलं, "असं का?" "हो ना. दोन बंगले आहेत तिचे." मी उतरून माझ्या भाड्याच्या खोलीचा जिना चढले. दार उघडलं तर आत सकाळची चहाची कपबशी तशीच पडलेली. आपल्या आवाजाला सुरतेत दोन बंगले मिळाले आणि आपण इथे एकट्या, हे जरा मजेदारच वाटलं. मग पंखा लावून कितीतरी वेळ बसून राहिले. कपबशी उचलायला उठलेच नाही.

तुटलं ते बोदवडला. ओळखीतल्या मुलीचं लग्न होतं, मी पाहुणी म्हणून गेले होते. मुद्दाम चांगली साडी नेसले होते. हळदीला बायकांनी फेर धरला, गाणं लागलं, आणि कोणीतरी मला ओढलं. तेवढ्यात लाइट गेली. डीजे बंद. एक पोरगी म्हणाली, "तुम्ही म्हणा ना मावशी, येतं का?" मी म्हटलं. अख्खं गाणं म्हटलं, भाऊंच्या ओळीसुद्धा. बायकांनी टाळ्या धरल्या. संपल्यावर एक म्हातारी माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "जमस व माय तुले. पन ती बाईनासारखं नही."

मी पोट धरून हसले. सगळ्यांना वाटलं बाई मोकळ्या स्वभावाची आहे. परतीच्या गाडीत मात्र खिडकीकडे तोंड करून जी रडले, ती जळगाव येईपर्यंत. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, "कोनी वारलं का?" काय सांगणार? माझ्याच आवाजासारखं मला म्हणता येत नाही, म्हणून रडतेय?

पुढच्याच आठवड्यात धुळ्याला जाऊन भाऊंना सांगितलं, "भाऊ, मला एकटीने गायचंय. माझ्या नावाने." मला वाटलं होतं चिडतील, दोन शब्द सुनावतील. भाऊ माणूस तसा नाही. पेटीचा भाता मिटला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "जाय. अखाजीलोंग तुनी जागा तुनीच शे. मंग माले दुसरी पाहनी पडी." सीझनची तोंडावर आलेली लग्नं होती, त्यांचाही धंदा होता. अक्षय तृतीया, म्हणजे आमची अखाजी, तोवर वाट बघणार होते. ती गेल्या वर्षीची गोष्ट.

गेल्या वर्षीचा तो उन्हाळा माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

सीझनमध्ये माझा फोन कधी थंड व्हायचा नाही. जेवताना, आंघोळीतून बाहेर येताना, गाडीत झोपताना, सतत कोणीतरी. आणि आता फोन टेबलावर नुसता पडलेला. मी तो उलटा करून ठेवायची, परत सुलटा करायची. आवाज वाढवून बघायची. एकदा तर माझ्याच दुसऱ्या नंबरवरून फोन लावून पाहिला, बिघडला तर नाही ना! वाजला मेला व्यवस्थित. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, दारं बंद, पत्र्यांचे कडाकड आवाज, आणि दुरून कुठून तरी एखादी वरात जायची. त्यात मी गात असायची. बंद खिडकीच्या आतून मी मलाच ऐकायची. किराणा दुकानदाराने विचारलं, "ताई, सीझनमध्ये घरी?" त्याला म्हटलं, "आराम करतेय." त्याने आपला सहज विचारलेला प्रश्न, पण मग मी दुसऱ्या गल्लीतल्या दुकानातून साखर आणायला लागले.

गाणं मी केलं होतं. सासरहून अखाजीला आलेली मुलगी दारात उभी राहून आईला हाक मारते, 'माय, दारमा उभी शे मी.' एवढाच मुखडा. चाल माझी, शब्द माझे. धुळ्याला पप्पूभाऊंच्या स्टुडिओत गेले. स्टुडिओ म्हणजे अंड्यांचे रिकामे ट्रे भिंतीला चिकटवलेली एक खोली, पण तिथून निघालेली गाणी नंदुरबारपासून बोदवडपर्यंत वाजतात. हेडफोन घातला, डोळे मिटले आणि गायले. चांगलं गायले हो, मला कळतं. बाहेर आले तर पप्पूभाऊ डोकं खाजवत बसलेले.

"ताई, तुम्ही थांबताय का?"

"कुठे थांबले?"

त्यांनी वाजवून दाखवलं. मी ओळ म्हणते आणि मग गप्प. बरोब्बर एका ओळीएवढी जागा सोडून मग पुढची ओळ. प्रत्येक वेळी. पूर्ण गाण्यात. ताल चालू आहे, ढोलकी चालू आहे, आणि बाई वाट बघतेय. मला स्वतःला पत्ता नव्हता. वर पप्पूभाऊ म्हणाले, "आणि त्या जागेत मान पण हलवता तुम्ही. काचेतून दिसत होतं. कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी."

आई शप्पथ, असं ओशाळल्यासारखं झालं! एवढी वर्षं भाऊंनी उत्तर दिलं, तर माझ्या गळ्याला उत्तराची जागा सोडायची खोडच लागली होती. गाणं बांधतानाच मी ती सोडून बांधलं होतं. एकटीने गाणार म्हणून निघाले आणि दुसऱ्याला बसायला जागा ठेवून आले.

पप्पूभाऊंनी खूप खटपट केली. रिकाम्या जागेत सनई टाकली, तर मुलगी दारात उभी आणि आत दुसऱ्याच कोणाचं लग्न चाललंय असं वाटायला लागलं. बँजो टाकला, तो नाचायलाच लागला. मग म्हणाले, दुसरा आवाज तुमचाच घेऊ. तोही दिला. बाई स्वतःशीच भांडतेय असं झालं. शेवटी जागा कापून ओळी एकमेकींना जोडल्या. तर मुलगी धावत धावत, दम लागलेली, मागे कुत्रं लागल्यासारखी. पप्पूभाऊंनी हात टेकले. "अखाजी करून या ताई. मग बघू." बाहेर पुढची पार्टी येऊन बसलीच होती.

धुळ्याहून जळगावला येताना एसटीच्या खिडकीतून झळा येत होत्या. शेतं उघडी, कपाशीच्या काड्यांचे ढीग, मधेच एखादी केळीची बाग, फाटक्या पानांची. मी ठरवून टाकलं होतं की आता भाऊंना फोन करायचा आणि मुकाट्याने परत जायचं. कोणाला हौस आहे एकटं राहायची? पार्टीत निदान उकाड्यात शिव्या द्यायला चार माणसं तरी असतात. पण फोन केला नाही. अखाजीपर्यंत जागा आपलीच आहे म्हटलं, बघू.

आणि अखाजीला मी गावी गेले. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला आमचं गाव. अखाजी हा आमच्याकडे लेकींचा सण, गावोगावच्या लेकी माहेरी येतात. पण तोच लग्नांचा मोठा मुहूर्त, त्यामुळे कितीतरी वर्षांत माझी अखाजी मंडपात गेली होती. दारात मला बघून आई घाबरलीच. "तू? अखाजीले? तब्येत बरी शे ना?" मला माझ्याच गाण्याची ओळ आठवली आणि मी चटकन आत गेले.

शेजारच्या लेकी पोराबाळांना घेऊन आलेल्या. मी एक बॅग घेऊन. लोकांच्या लग्नात गाता गाता माझं राहूनच गेलं, आणि आता कोणी विचारतही नाही. तो प्रश्न टोचायचा तेव्हा राग यायचा. विचारणं बंद झालं तर त्याचंही वाईट वाटतं, काय म्हणावं या मनाला! आईने दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावाची घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलं, सांजोरी ठेवली. एरवी मी हे फोनवर बघायची, पलीकडे साउंड टेस्टिंग चालू असायचं. समोर बसून बघितल्यावर दादा खरंच गेलेत, हे इतक्या वर्षांनी समजलं. आमरसाची वाटी तोंडाला लावली आणि गिळवेना.

दुपार कलल्यावर बायका नदीकडच्या मोठ्या निंबाखाली जमल्या. झोका बांधलेला. नदीत पाणी नाही, वाळू नुसती चमकते. पलीकडे पुरुषमाणसांचे पत्त्यांचे डाव, त्या दिवशी त्यांना कोणी बोलत नाही. झोक्यावरच्या गाण्याची आमची रीत अशी की एकटीने म्हणायचं नाही. झोक्यावरचीने ओळ टाकायची, खाली उभी असेल तिने उचलायची. उचलणारीही ठरलेली असते. लहानपणापासूनची जोडी.

सुमनअक्काची जोडी सुभद्राशी. अक्का आमच्या गावचीच लेक आणि गावातच दिलेली, माहेर या गल्लीत, सासर त्या गल्लीत. सुभद्राला दूर शिरपूरकडे दिलेली. दोघींची भेट वर्षातून एकदा, अखाजीला, या झोक्याखाली. म्हाताऱ्या झाल्या तरी चुकली नाही. त्या अखाजीआधीच्या थंडीत सुभद्रा वारली.

अक्काचे गुडघे गेलेले, तरी दोघींनी धरून तिला झोक्यावर बसवलं. पायाने माती रेटून तिने हळू झोका घेतला आणि ओळ टाकली. आवाज फाटलेला, पण सूर जागेवर. मग ती थांबली. झोका पुढे गेला, मागे आला, दोर करकरला. अक्काने दुसरी ओळ टाकली. पुन्हा थांबली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तिसऱ्या वेळी एका नव्या नवरीने, बिचारीने चांगल्या मनानेच, खालून ओळ उचलली. गोड गळा होता.

अक्काने पाय टेकवून झोका थांबवला. "ती ओळ सुभद्रानी शे. तू तुनी म्हन."

नवरीचं तोंड एवढंसं झालं. अक्काने पुन्हा झोका घेतला आणि पुन्हा गाणं धरलं, पहिल्यापासून. ओळ, आणि मग काही नाही. कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या, पत्तेवाल्यांकडून गलका आला, दोर करकरला. पुन्हा ओळ. आमच्यातल्या अर्ध्याजणी पदर डोळ्याला लावून होत्या आणि अक्का मात्र कोरड्या डोळ्यांनी, मान हलवत, ऐकत होती. ती मान मला ओळखीची वाटली.

नंतर तिला घरी सोडताना मी विचारलं, "अक्का, अशानं गाणं अर्धंच राहतं ना?"

"मंग?" अक्का माझ्या खांद्यावर भार टाकत म्हणाली. "अर्धं शे ते अर्धंच म्हनाले जोयजे. पुढला साल कोनी बी उचलो. औंदा नही." आणि लगेच, "तू आंग भलतं उतारी लिधं व. जेवस नही का?"

संध्याकाळी ऊन उतरता उतरता भाऊंचा फोन आला. मी घरामागे गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी. भिंत अजून तापलेली होती. "सांग मंग," भाऊ म्हणाले. मागे पार्टीचा गलबला, ढोलकीवाला वादी ओढत होता, आणि एक कोवळा आवाज माझी ओळ घोळवत होता, 'कूलर फिराव मनाकडे'. एक 'येते' म्हणायचं होतं फक्त. रात्रीपर्यंत मी स्टेजवर असते, लोक असते, भाऊ असते. त्या कोवळ्या आवाजाला मी जागा दाखवून दिली असती.

"भाऊ," मी म्हटलं, "तिलेच म्हनू द्या."

पलीकडे काहीच नाही. एवढ्या वर्षांत भाऊंनी माझी ओळ पहिल्यांदाच उचलली नाही. मी वाट बघितली. मग ते म्हणाले, "बरं. पानी पीत जाय. ऊन भलतं शे." आणि फोन ठेवला. मी गोठ्याच्या भिंतीशी बसून घेतलं आणि बैलासमोर हमसून हमसून रडले.

पप्पूभाऊंना सांगितलं, जागा तशाच ठेवा. सनई नको, बँजो नको, ढोलकीसुद्धा त्या जागेत नको. ते म्हणाले, "ताई, लोकांना वाटेल फाइल खराब आहे." आणि वाटलंच की! गाणं टाकल्यावर खाली पहिलीच प्रतिक्रिया आली, 'आवाज मधेमधे जातोय, चेक करा.' दुसऱ्याने लिहिलं, 'माझ्याकडे पण.'

त्याला आता वर्ष होत आलं. गाजण्याचं म्हणाल तर राम राम. बचत गटाचा मेळावा, शाळेचं गॅदरिंग, एखादी जत्रा, असे कार्यक्रम मिळतात. चोपड्याच्या चौकात माझ्या नावाचा, माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला होता. तो बघायला मी मुद्दाम गेले, तर एक बकरी त्याला पाठ घासत उभी. मी तिच्यासकट फोटो काढला. दाखवायला कोणी नव्हतं, म्हणून आईला पाठवला. स्टेजवर एकटी, गाडीत एकटी, डबाही एकटीच खाते. सूर कुठला धरायचा यावरून भांडायला समोर माणूस नाही, याची एवढी उणीव वाटेल असं कोणी सांगितलं असतं तर मी वेड्यात काढलं असतं. पण आता अनोळखी बाई म्हणाली की त्या बाईसारखं नाही, तर मी सांगू शकते, ती बाई मीच.

अखाजी पुन्हा तोंडावर आलीय. आणि काल काकूंच्या पुतणीचं लग्न झालं, इथेच, पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर मंडप घालून. काकूंच्या घरचा कूलर तिथे नेलेला आणि अर्थातच सोफ्यावरच्या वरपक्षाकडे तोंड करून लावलेला. डीजेवर 'कूलर' लागलं. नव्या मुलीच्या आवाजातलं. भाऊंनी पुन्हा रेकॉर्ड केलंय. चांगली गाते, जरा घाईत, पण भाऊ तिला सांभाळून घेतात, मला ऐकू येतं ते. मामालोक रुमाल दातात धरून नाचले.

मग काकूंना काय उमाळा आला कोण जाणे! जाऊन डीजेवाल्याला म्हणाल्या, "आता आमच्या ताईंचं लाव." मी "काकू, नको, नको" म्हणेपर्यंत सुरूही झालं. 'माय, दारमा उभी शे मी.'

आणि मग काही नाही. नाचायला वर गेलेले हात वरच राहिले. डीजेवाल्याने लॅपटॉपवर चापट मारली. कोणीतरी ओरडलं, "बंद पडलं रे!" सगळे हसले. त्या एवढ्या गप्पपणात मला कूलर ऐकू आला, घरघर, घरघर. समोर सोफ्यावर नवरदेवाचे एक काका सगळा वारा एकटे खात तोंड उघडून झोपलेले. माझ्या बाजूला मुलीकडच्या बायका पदराने वारा घेत, घामाने निथळत. काकूंचं कुंकू नाकापर्यंत ओघळलेलं.

दुसरी ओळ लागली. मी उठले, मधली खुर्ची बाजूला सारली, कूलरला दोन्ही हात घातले आणि फिरवला. जड होता, पण फिरला. काका दचकून जागे झाले. "अहो बाई, कूलर..."

"फिरवला," मी म्हटलं.

ओल्या वाळ्याचा गार वारा तोंडावर आला. मागून बायकांचा "हुश्श" आवाज आला. मी तिथेच उभी राहिले. गाण्यातली पुढची रिकामी जागा आली, आणि या वेळी माझी मान हलली नाही.